शांततेची खतावणी

माणसाला चाळिशी लागली की दोन गोष्टींची गरज भासू लागते. एक नाकावर ठेवायची चाळिशी आणि दुसरी शांतता. पहिली कुठल्याही चष्म्याच्या दुकानात मिळते, वर फडकं आणि डबी फुकट. दुसरीचा पत्ता ज्याचा त्यानं शोधायचा असतो. त्यातून माणूस बँकेत कारकून असला तर विचारायलाच नको. शाखेचं शटर वर गेलं की टोकनचा नंबर पुकारणारी ती अदृश्य बाई, पासबुक छापणाऱ्या यंत्राची करकर आणि 'साहेब, माझ्या खात्यातून सतरा रुपये सत्तर पैसे कशाचे कापले?' हा सवाल, अशी तिन्ही वाद्यं एकदम सुरू होतात ती संध्याकाळी हिशेब जुळेपर्यंत. घरी यावं तर समोरच्या मंगल कार्यालयात कोणाचं तरी मंगल चालू असतं. नाशिक पूर्वी फार शांत गाव होतं असं आमचे वडील सांगत. त्यांना त्यांचे वडीलही हेच सांगत असत. यावरून शांतता ही वस्तू कायम मागच्या पिढीच्या नावावर असते आणि वारसाहक्कानं पुढे येत नाही, एवढं सिद्ध होतं.

हा विषय निघायला निमित्त झालं आमच्या भाच्याचं. तो डेन्मार्कात ऑर्हूस नावाच्या शहरी नोकरीला असतो. पवनचक्क्यांचं काहीतरी काम करतो. फुकट वाहणाऱ्या वाऱ्यामागे पगारी माणसं लावावी लागतात, ही गोष्ट त्याच्या आजीला अजून पटलेली नाही. पण ते असो. तर एका रविवारी त्यानं मोबाइलवर दोन मिनिटांची चित्रफीत पाठवली. तीत काहीच नव्हतं. थोडं पाणी, थोडं लव्हाळं, एक उपडी घातलेली होडी आणि पुष्कळसं आभाळ. मागोमाग त्याचा फोन.

"मामा, ऐकलंत?"

"काय ऐकू? आवाजच येत नाही."

"तेच तर! तिथं आवाजच नाहीये!"

पोरगं साडेसहा हजार किलोमीटरवरून मला दोन मिनिटं निव्वळ शांतता पाठवत होतं.

ही जागा म्हणजे मारियागर फियॉर्ड. फियॉर्ड म्हणजे जमिनीत लांबवर घुसलेला समुद्राचा हात. कोकणात आपण जिला खाडी म्हणतो, तिची ही उत्तरेकडची बहीण. कॅलेंडरवर आभाळाला टेकलेले कडे आणि मधून निळं पाणी दिसतं, ते नॉर्वेचे फियॉर्ड. डेन्मार्कचे तसे नाहीत. तो देशच मुळी पोळपाटासारखा. तिथली सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून 171 मीटर भरते. आपलं रामकुंड याच्या तिपटीहून जास्त उंचीवर आहे, आणि तिथं आपण पायऱ्या उतरून जातो! तेव्हा डॅनिश फियॉर्ड म्हणजे पसरट पाणी, बुटके काठ आणि पाखरं. मारियागर हे गाव गुलाबांसाठी प्रसिद्ध आहे असं भाच्यानं सांगितलं. मोगलांनी नाशिकचं नाव गुलशनाबाद ठेवलं होतं, हे मी त्याला लगेच ऐकवलं. परदेशी राहणाऱ्या भाच्यांना अधूनमधून असं काही ऐकवावं लागतं.

पण मला त्या पाण्यापेक्षा तो तिथं गेला कसा याचं कौतुक वाटलं. ऑर्हूसहून रेल्वेनं होब्रो, होब्रोहून बस. मोटार नाही, टॅक्सी नाही. फलकावर जे मिनिट लिहिलं होतं त्या मिनिटाला बस आली, त्याला पाण्याजवळ उतरवलं आणि पुढे गेली. "आणि मामा, बस गेली की पुन्हा सगळं शांत." हे वाक्य मी मनातल्या मनात एका बाजूला काढून ठेवलं. कारकुनाला कागद टाकून देण्याची सवय नसते.

"इतक्या लांब कशाला जायला हवं?" सौभाग्यवती म्हणाल्या. "आपलं नांदूरमध्यमेश्वर काय वाईट आहे?"

वाईट अजिबात नाही. नाशिकहून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एक दगडी बंधारा बांधला गेला. त्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले आणि खाली कोपरगावकडची शेतं भिजू लागली. पुढे वर्षानुवर्षं नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, आणि ज्या पाण्यात इंजिनियरला खोली हवी होती त्या पाण्यात पाखरं उभी राहू लागली. आता बघा, पाटबंधारे खात्याच्या ताळेबंदात जो घसारा, तोच पक्ष्यांच्या ताळेबंदात भांडवल! 1986 साली इथं अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी 2020 मध्ये ही जागा 'रामसर' यादीत गेली. महाराष्ट्रातली ती पहिली. रामसर हे इराणमधलं गाव. पाणथळ जागा जपण्याचा करार 1971 साली तिथं झाला म्हणून यादीला ते नाव. पण नाशिकच्या माणसाला नावात राम दिसला की तो पुढची चौकशी करत नाही.

तर जानेवारीतल्या एका दिवशी आम्ही दोघं निघालो. भाचा बसनं गेला, म्हणून आम्हीही बसनं. शिवाय मोटार आमच्याकडे नाही, हेही एक कारण आहेच. एस.टी.त बसल्यावर मला एका नव्या गोष्टीची जाणीव झाली. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. त्याच्या आधीच, ऑगस्ट 2022 पासून, पंचाहत्तरी पार केलेल्यांना तिकीटच नाही. कंडक्टर मशीन घेऊन फिरू लागला तसतसे अर्धे आणि शून्य असे आवाज येऊ लागले. पूर्ण तिकिटाचे आम्ही अगदी मोजके निघालो, सगळे चाळिशीचे. आम्ही एकमेकांकडे ओळखीच्या नजरेनं पाहिलं. सौभाग्यवतींनी आपलं अर्धं तिकीट पर्समध्ये जपून ठेवलं आणि खिडकीची पूर्ण जागा घेतली.

चांदोरी गेलं, द्राक्षांचे मांडव गेले, कांद्याच्या चाळी गेल्या, निफाड आलं. पुढचा प्रवास काळी-पिवळीचा. तिचं वेळापत्रक साधं असतं : भरली की निघते. 'भरली' म्हणजे काय, यावर मात्र ड्रायव्हरचं आणि प्रवाशांचं एकमत नसतं. माझ्या एका गुडघ्यावर कोणाची तरी मेथीची पेंढी आणि दुसऱ्यावर कोणाचा तरी नातू, अशा अवस्थेत शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कोनाकडचं पाव्हणं?"

"कोणाकडचे नाही. पक्षी बघायला आलोय."

"कंच्या पक्षाचं?"

"पक्षाचे नाही हो, पक्षी. पाखरं."

"हां, पाखरं व्हय!" आजोबांचा जीव भांड्यात पडला. "मग या की. ती काय मत मागत न्हाईत."

पाखरं खरोखरच काही मागत नव्हती. मनोऱ्यावर उभं राहून दुर्बिणीतून पाहिलं तर पाण्यावर काळे ठिपके पसरलेले. ते वारकरी. अंग काळं आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा असलेल्या या पक्ष्याला हे नाव ज्यानं दिलं, त्याला मी मनातून नमस्कार केला. मग चपट्या चोचीनं पाणी घुसळणारे चमचे दिसले. हिमालय ओलांडून आलेले चक्रवाक दिसले, जोडीजोडीनं आणि विनातिकीट. गावातल्याच एका तरुण गाइडनं एकेकाची ओळख करून दिली, तीही अशी की जणू चुलतभाऊच दाखवतोय.

आता शांततेचं म्हणाल, तर ती जागा तशी मुळीच शांत नव्हती. किलबिल, कलकल, फडफड, मध्येच कोणीतरी दचकल्यासारखं ओरडे आणि सगळा थवा एकदम उठे. पण माणूस बोलत नव्हता. कोणी कोणाला नंबर पुकारत नव्हतं. तासाभरात माझ्या कानांतली बँक बाहेर पडली. हे सुख इतकं खरं होतं की त्याबद्दल विनोद करावासा वाटत नाही.

हे सगळं इथंच संपलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. परतताना जवळच्या एका गावात (गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही) काळी-पिवळी भरण्याची वाट पाहत आम्ही लिंबाच्या पारावर बसलो. त्याच गाडीतून एक मुलगी उतरली होती. निफाडच्या कॉलेजात शिकणारी. घर गावाबाहेर मळ्यात, भाऊ सायकलवर न्यायला यायचा होता, म्हणून तीही पारावर टेकली. मुलगी टी.वाय.बी.कॉम.ला! मग काय, माझ्यातला जुना विद्यार्थी जागा झाला. कुठले विषय, कुठली पुस्तकं, सगळी चौकशी झाली. तेवढ्यात सौभाग्यवती सद्गदित होऊन म्हणाल्या, "किती गं शांत गाव आहे तुमचं!"

"शांत म्हंजे काय, काकू," मुलगी हसून म्हणाली, "ही शेवटची गाडी. हिच्यानंतर काहीच येत नाही. मग आवाज कुठून होणार?"

ती तक्रार करत नव्हती. हिवाळ्यात थंडी असते असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मग कळलं की शेवटची गाडी पकडायची तर तिला शेवटचा तास सोडून निघावं लागतं, आणि आठवड्यातून दोनदा तो तास ऑडिटिंगचा असतो. मैत्रीण वही देते. "पण काका, ऑडिटिंग दुसऱ्याच्या वहीवरून कळतं का?" वर्गात बसूनही ते कळेलच असं नाही, हे मी तिला सांगितलं नाही. पारावरच्या एक म्हाताऱ्या बाई मध्येच म्हणाल्या, "अगं, तुझा तास ऱ्हातो. आमच्या सुनंला रातच्याला कळा लागल्या, तवा टेम्पोवाल्याला झोपंतून उठवाया गेलो." सून आणि नातू दोघं सुखरूप आहेत, हेही त्यांनी लगेच सांगितलं, टेम्पोवाल्यानं पैसे किती घेतले तेही.

गाडी सुटली. निफाड, चांदोरी उलट्या क्रमानं आली आणि गेली. पण मला त्या मुलीचं वाक्य सुटेना. वाणिज्य शाखेच्या माणसाला तत्त्वज्ञानातलं काही कळत नाही असा एक समज आहे. तो बराचसा खरा आहे. पण आम्हाला पहिल्या वर्षी एक सूत्र घोकून घेतात : घेणारा नावे, देणारा जमा. एका खात्यात काही लिहिलं की दुसऱ्या खात्यात लिहावंच लागतं. जगात नुसतं मिळालं असं काही नसतं, कोणीतरी दिलेलं असतं. आता मी त्या दिवशी पाण्याकाठी चार तास शांतता घेतली. ती माझ्या नावे पडली, हे उघड आहे. मग जमा कोणाच्या खाती करायची? प्रवेशाचं शुल्क भरलं, गाइडचे पैसे दिले, एस.टी.चं पूर्ण तिकीट काढलं. ते व्यवहार मिटले. पण जी शांतता मला इतकी आवडली, तिच्यात ऑडिटिंगचे बुडालेले तास होते, आणि दारावर थापा मारून उठवलेला टेम्पोवाला होता. त्यांच्याकडून मी घेतलं, आणि त्याची पावती कुठेच फाडलेली नव्हती.

आमचे हेड कॅशियर हे ऐकून म्हणाले, "तू फार विचार करतोस. एक सांगतो, या जागेबद्दल कुठे लिहू नकोस. आणि तिथं गाडी वाढली, रस्ता झाला, की संपलंच म्हणून समज." हेड कॅशियर मोटार बाळगून आहेत.

त्यांचं म्हणणं हसून उडवण्यासारखं नाही. भंडारदऱ्याचे काजवे बघा. मे महिना सरत आला की तिथली झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. हे लुकलुकणं म्हणजे त्यांची लग्न जमवण्याची भाषा. नर प्रकाशाची खूण करतो, मादी प्रकाशानंच उत्तर देते. ही शोभा पाहायला माणसं लोटली. मोटारींचे दिवे लागले, मोबाइलच्या बॅटऱ्या लागल्या. ऐन मुहूर्तावर मांडवात कोणी सर्चलाइट मारला तर वधूवरांचं जे होईल, ते काजव्यांचं झालं. शेवटी वनखात्याला तिथं वेळेची आणि वाहनांची बंधनं घालावी लागली. तेव्हा गर्दीनं जागा मरते, हे हेड कॅशियरांचं म्हणणं कबूल.

पण त्यांनी सुचवलेला उपाय कबूल नाही. त्यांच्या उपायाचा अर्थ असा, की माझ्या आणि त्यांच्या वर्षातल्या दोन रविवारांसाठी त्या मुलीनं वर्षभर शेवटचा तास बुडवावा. आपण ज्या गैरसोयीत एक दिवसही राहणार नाही, ती दुसऱ्याच्या गावात टिकून राहावी अशी इच्छा करायची आणि तिला निसर्गप्रेम म्हणायचं! शिवाय हिशेबही चुकतो. चाळीस माणसांची एक बस आली तर दोन दिवे येतात. तीच माणसं मोटारींतून आली तर दहा मोटारी आणि वीस दिवे, वर प्रत्येक मोटारीत वाजणारं वेगळं गाणं. बसमध्ये एवढी चैन नसते. तिथे माणूस शेजाऱ्याच्या मेथीला सांभाळून बसतो. आणि मी एका बाजूला काढून ठेवलेलं ते भाच्याचं वाक्य इथं कामी आलं : बस गेली की पुन्हा सगळं शांत. तिथं बस येते आणि शांतताही राहते. म्हणजे शांत राहायला गाव अडून पडलेलं असावंच लागतं, असं नाही.

हा मुद्दा मी भाच्याला मोठ्या उत्साहानं फोनवर ऐकवला. तो पलीकडे जरा गप्प झाला.

"मामा, आमच्या फियॉर्डच्या शांततेचं फार मनावर घेऊ नका," तो म्हणाला. आणि त्यानं सांगितलं ते ऐकून मीही गप्प झालो. 1997 च्या ऑगस्टमध्ये याच मारियागर फियॉर्डच्या पाण्यातला प्राणवायू संपला होता. शेतांतली खतं वाहून पाण्यात आली, त्यावर शेवाळ माजलं, मेलं, कुजलं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन बसलं. वाराही पडलेला होता. फियॉर्डच्या आतल्या भागातले मासे, शिंपले, सगळे गेले. डेन्मार्कात माणसांपेक्षा डुकरं सुमारे दुप्पट आहेत. त्यांच्या लेंडीचंही खत शेतांतच जातं. 2024 च्या एप्रिलमध्ये तिथल्याच वाय्ले नावाच्या दुसऱ्या एका फियॉर्डची लोकांनी रीतसर अंत्ययात्रा काढली. पाणी मेलं म्हणून शेकडो माणसं जमली. "वरून बघितलं तर फार सुंदर दिसतं, मामा. एकदम शांत."

म्हणजे आता आणखी एक खातं उघडणं आलं. काही पाणी शांत असतं ते सुखात आहे म्हणून, आणि काही शांत असतं ते बोलायला कोणी उरलं नाही म्हणून. चित्रफितीत दोन्ही सारखीच दिसतात. या कसोटीवर आमचं कलकलाट करणारं नांदूरमध्यमेश्वर एकदम वरच्या वर्गात पास झालं, आणि मला सात्त्विक अभिमान वाटणार होता. तेवढ्यात सौभाग्यवतींनी पाणवेलींची आठवण काढली. गाइडनं त्या दाखवल्या होत्या. हिरव्यागार, जांभळ्या फुलांच्या, दिसायला देखण्या. सांडपाण्यावर पोसतात.

आता हे सांडपाणी कुठलं? गंगा आपल्याकडून तिकडे वाहते. (बाहेरच्या वाचकांसाठी : नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात.) रामकुंडावरून निघालेलं पाणी दसक-पंचक, सायखेडा, चांदोरी करत नांदूरमध्यमेश्वरला पोहोचतं. शहराचं सांडपाणी काही शुद्ध होऊन जातं, काही तसंच जातं. आम्ही दोघं तिथं वर्षातून एकदा जातो, तेही गाडी बदलून. आपल्या शहरातल्या मोऱ्यांचं पाणी मात्र रोज जातं, थेट जातं, आणि पंचाहत्तरी पार न करताही त्याला तिकीट नाही. वारकऱ्यांनी आपल्याकडून काय घेतलं आणि आपण त्यांच्याकडून काय घेतलं, याची खतावणी मांडायची तर आपली बाजू पान उलटूनही पुरी व्हायची नाही.

एका रात्री बसून मी एक अर्ज लिहिला. विषय : संध्याकाळी कॉलेज सुटल्यानंतर गाडीची एक जादा फेरी सुरू करण्याबाबत. कारकुनाचा अर्ज असल्यानं तो तीन प्रतींत होता, आणि खाली 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' अशीही एक ओळ होती. पोच मिळाली आहे. शिक्का स्पष्ट उमटला आहे. दुसरा अर्ज सांडपाण्याबाबतचा. तो अजून रखडलाय, कारण त्यात तक्रार कोणाविरुद्ध या रकान्यात सगळ्या नाशिकची मतदारयादी जोडावी लागेल असं दिसतंय.

हेड कॅशियर म्हणतात, फेरी सुरू झाली तर ते परत तिथं पाऊल ठेवणार नाहीत. हा फायदा अर्ज लिहिताना माझ्या लक्षात आला नव्हता.

सौभाग्यवतींना मी माझी खतावणी वाचून दाखवली. त्यांना ती एकंदरीत पटली, फक्त रकमेबाबत त्यांची हरकत आहे. त्यांनी अर्धंच तिकीट काढलं होतं, तेव्हा त्यांच्या नावे शांतताही अर्धीच लिहावी, असं त्यांचं म्हणणं. उरलेली अर्धी माझ्या खाती वर्ग करायची की सरकारच्या, यावर आमच्या घरी गेले तीन दिवस मोठमोठ्यानं चर्चा चालू आहे.